निर्दोष की पुराव्याअभावी? टोकिओ खटला आणि न्या. राधाबिनोद पाल

खटल्याच्या निकालाची मराठी बातमी उघडा. मथळ्यात हमखास 'आरोपीची निर्दोष मुक्तता' असतं. आतला मजकूर वाचला की कळतं, साक्षीदार फितूर झाले, पंचनामा टिकला नाही, म्हणून संशयाचा फायदा मिळाला. न्यायालय म्हणालेलं असतं 'गुन्हा सिद्ध झाला नाही', मथळा म्हणतो 'निर्दोष', आणि पारावर एवढंच बोललं जातं, 'सुटला!' तिन्ही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. घाईत आपण ते एकाच पिशवीत कोंबतो.

कोलकात्याच्या एका न्यायाधीशाच्या निकालपत्राचं पुढे जे झालं, ते बरंचसं या कोंबण्यामुळे झालं. न्या. राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये टोकिओच्या युद्धगुन्हे खटल्यात सगळ्याच्या सगळ्या आरोपींना सोडून द्यावं असं मत दिलं. त्यांचं निकालपत्र हजार-बाराशे पानांचं आहे. वाचलं फार थोड्यांनी, उद्धृत फार जणांनी केलं. भारतात त्यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं, जपानमधले उजवे गट भक्तीने घेतात, चीनमध्ये त्याच नावाने कपाळावर आठी पडते. तिघांच्या मनातला पाल बहुधा एकच आहे, 'जपानला निर्दोष ठरवणारा न्यायाधीश'. तो तसा होता का, हे बघण्यासाठी प्रकरण मुळातून घ्यायला हवं.

न्यायालय कुणाचं?

२ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली. १९ जानेवारी १९४६ रोजी दोस्तराष्ट्रांचे सरसेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी जाहीरनामा काढून 'अतिपूर्वेसाठी आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरण' स्थापन केलं. नाझी नेत्यांवर खटला चालवणारं नुरेम्बर्गचं न्यायालय निदान चार राष्ट्रांच्या करारातून जन्मलं होतं. टोकिओचं एका सेनापतीच्या हुकमातून जन्मलं, आणि शिक्षा कमी करण्याचा शेवटचा अधिकारही त्याच सेनापतीकडे राहिला.

खटला ३ मे १९४६ रोजी इचिगाया इथल्या जुन्या लष्करी इमारतीत सुरू झाला. आरोपी २८, आरोपांची कलमं ५५. पहिल्याच दिवशी शुमेई ओकावा या आरोपीने पुढे बसलेल्या माजी पंतप्रधान तोजोंच्या टकलावर चापट मारली. पुढे त्याला मनोरुग्ण ठरवून खटल्यातून वगळलं. दोघे आरोपी खटला चालू असताना वारले. उरले २५.

या आरोपींना 'अ वर्गाचे युद्धगुन्हेगार' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, अ वर्ग म्हणजे सगळ्यात क्रूर. तसं नाही. 'अ' म्हणजे 'शांततेविरुद्धचे गुन्हे', आक्रमक युद्ध आखणं, सुरू करणं, त्यासाठी कट करणं. कैद्यांची कत्तल, बलात्कार, लूट हे 'ब' आणि 'क' मध्ये. हा फरक लक्षात ठेवावा, पालांच्या निकालाची सगळी उभारणी त्यावर आहे.

न्यायाधीश अकरा, सगळे जिंकलेल्या बाजूच्या देशांचे. तटस्थ देशाचा एकही नाही, जपानी तर नाहीच. सुरुवातीला नऊच होते. एप्रिल १९४६ मध्ये न्यायाधिकरणाची सनद दुरुस्त करून भारत आणि फिलिपिन्सला जागा दिली. फिलिपिन्सचे न्या. हारानिया स्वतः बातानच्या त्या कुप्रसिद्ध पायपिटीतून, म्हणजे जपानी फौजेने १९४२ मध्ये युद्धकैद्यांकडून करवलेल्या जीवघेण्या चालीतून, जिवंत राहिलेले युद्धकैदी. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टातही अशा न्यायाधीशाने खटला दुसरीकडे वर्ग केला असता. सोव्हिएत रशियाने जपानशी १९४१ मध्ये केलेला तटस्थतेचा करार बाजूला सारून ऑगस्ट १९४५ मध्ये चढाई केली होती. आता त्याचा न्यायाधीश जपानने करार मोडल्याचा निवाडा करणार होता. फ्रान्स आणि नेदरलँड्सचे न्यायाधीश टोकिओत आक्रमणाची व्याख्या ऐकत होते, आणि त्याच महिन्यांत त्यांच्या फौजा व्हिएतनाम आणि इंडोनेशिया परत घेण्यासाठी लढत होत्या. बळी तो कान पिळी, पण इथे कान पिळण्याला कलम-पोटकलमांचं नाव होतं.

जे आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते त्यांचीही दखल घ्यावी लागते. ज्याच्या नावाने युद्ध झालं तो सम्राट हिरोहितो नव्हता, कारण जपानवर राज्य करायला तो अमेरिकेला हवा होता. चीनच्या ईशान्येकडच्या, जपानने १९३१ मध्ये बळकावलेल्या मंचुरियात जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या 'युनिट ७३१'चे डॉक्टरही नव्हते. त्यांनी आपली माहिती अमेरिकेच्या हवाली केली आणि बदल्यात अभय मिळवलं.

कोलकात्याहून आलेला गणिताचा मास्तर

पाल खटला सुरू झाल्यावर पंधरवड्याने पोचले. जन्म १८८६ चा, आजच्या बांगलादेशातल्या कुष्टिया भागातला. मैमनसिंगच्या कॉलेजात गणित शिकवलं, मग कायद्याकडे वळले. आयकर कायद्यातले जाणकार म्हणून नाव झालं, प्राचीन हिंदू विधिविचारावर संशोधन केलं. कोलकाता उच्च न्यायालयात काही काळ न्यायाधीश, नंतर कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे गणित, करकायदा आणि धर्मशास्त्र. या माणसाला 'साधारणपणे पटतं' हे 'सिद्ध झालं' म्हणून चालणार नव्हतं, यात नवल नाही. पत्नीच्या आजारपणामुळे त्यांना मध्येच कोलकात्याला जावं लागलं, आणि इतर न्यायाधीशांच्या मानाने त्यांची गैरहजेरी बरीच होती, असा आक्षेप टीकाकार घेतात. तो खोटा नाही.

ते टोकिओला निघाले तेव्हा देशात कोणती हवा होती हेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला होता. मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई बचावाला उभे होते. पारतंत्र्यातल्या लोकांनाही मुक्तीसाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, आणि अशा युद्धातल्या कृत्याला राजद्रोहाचं कलम लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. युद्ध करण्याचा हक्क कुणाला, आणि तो कुणी ठरवायचा? दिल्लीत हा प्रश्न जेत्याच्या न्यायालयात विचारला गेला होता. काही महिन्यांत टोकिओत तोच उलट्या बाजूने समोर आला.

कृत्य आधी, कायदा नंतर

पालांचा पहिला मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. ज्या दिवशी कृत्य केलं त्या दिवशी तो गुन्हा नसेल, तर नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही. योगायोग असा की त्याच काळात दिल्लीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या मसुद्यात हेच तत्त्व लिहिलं जात होतं. आज ते आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(१) मध्ये आहे.

१९२८ च्या पॅरिस करारात, म्हणजे केलॉग-ब्रियाँ करारात, राष्ट्रांनी युद्धाचा त्याग केला होता आणि जपाननेही त्यावर सही केली होती. फिर्यादी पक्षाची मदार त्यावर होती. पालांचं उत्तर असं की, स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हे त्या करारानेच ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. करार मोडला तर व्यक्तीला फाशी, असं त्यात कुठेही नाही. 'आक्रमण' या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही. आणि पूर्वेकडच्या ज्या वसाहती पाश्चात्त्यांनी तलवारीनेच मिळवल्या, त्यांची 'जैसे थे' स्थिती हाच शांततेचा अर्थ धरला, तर वसाहतीतल्या माणसाने त्या शांततेला काय म्हणावं?

इथे पाल बरोबर होते, असं मला वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आक्रमणाची व्याख्या स्वीकारली ती १९७४ मध्ये. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला त्या गुन्ह्यावर अधिकार मिळायला जुलै २०१८ उजाडलं. जी व्याख्या न्यायालयात लागू व्हायला आणखी सात दशकं लागली, ती १९३१ च्या जपानी मंत्र्याला ठाऊक असायला हवी होती, हे म्हणणं अवघड आहे. (पालांनी मंचुरियातल्या जपानी धोरणाची तारीफ केली नाही. जग त्याची वाहवा करणार नाही, असंच लिहिलं. हे वाक्य त्यांचे भक्त सांगत नाहीत.)

कटाच्या आरोपाबद्दल थोडक्यात. १९२८ ते १९४५ अशी सतरा वर्षं या लोकांनी मिळून एकच कट शिजवला, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. त्या काळात जपानची मंत्रिमंडळं भराभर पडत होती, पंतप्रधानांचे खून होत होते, आणि पिंजऱ्यातले काही जण एकमेकांचे कट्टर विरोधक होते. पालांना हा कट इतिहासाला मागाहून जोडलेलं ठिगळ वाटला. बहुमताने कट मान्य केला, पण ५५ पैकी फक्त दहाच कलमं निकालाला घेतली, एवढं बोलकं आहे.

नानकिंग

खरी परीक्षा इथे आहे. आक्रमणाची व्याख्या नव्हती हे मान्य. पण कैद्यांना मारू नये, बायकांवर अत्याचार करू नयेत, हे १९३७ मध्ये नवं नव्हतं. १९०७ चा हेग करार होता आणि जपानने तो स्वीकारलेला होता. इथे 'कायदा नंतर केला' ही ढाल चालत नाही.

१३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी फौजांनी नानकिंग, आजचं नानजिंग, घेतलं. पुढचे सहा आठवडे शहरात जे झालं त्यात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली आणि पहिल्या महिन्यातच सुमारे वीस हजार बलात्कार झाले, असा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष. मराठी वाचकाला चीनमधलं ते युद्ध अगदीच परकं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांनी बांधलेल्या जखमा कुणाच्या बंदुकीच्या होत्या, हे आपण क्वचितच जोडून बघतो.

या फौजांचे सेनापती जनरल इवाने मात्सुई. बहुमताने त्यांना एकाच कलमावर दोषी धरलं, कलम ५५, म्हणजे अत्याचार रोखण्याचं कायदेशीर कर्तव्य न बजावणं. कत्तलीचा हुकूम दिला असं नाही, थांबवली नाही असं. एवढ्यावर फाशी.

पाल काय म्हणाले? फिर्यादी पुराव्याविरुद्ध जे काही बोलता येईल ते सगळं धरूनही, नानकिंगमध्ये जपानी सैनिकांचं वागणं अमानुष होतं आणि ते सहा आठवडे चाललं, यात त्यांना शंका नव्हती. त्यांच्या मते घटना सिद्ध होती, फक्त मात्सुईंचा दोष सिद्ध नव्हता. मात्सुई आजारी होते, १७ डिसेंबरला शहरात आले आणि काही दिवसांत निघून गेले. शिस्तीचे आदेश त्यांनी दिले होते. ते पाळून घेणं डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांचं काम. वरच्याने खालच्यांवर विश्वास टाकला, याला गुन्हा म्हणता येईल का?

या ठिकाणी मी पालांपासून फारकत घेतो.

शरणागतीची घोषणा आणि अमेरिकी फौजा उतरणं यांत जो पंधरवडा गेला, त्यात जपानी लष्कराने हुकमाने आपली कागदपत्रं जाळली. फायलींच्या होळ्या पेटल्या. अशा वेळी 'लेखी हुकूम दाखवा, नाहीतर सुटका' हा नियम वरून काटेकोर दिसतो, पण बक्षीस जाळणाऱ्याला देतो. शिवाय सेनापतीचं पद आणि फौजदाराचं पद एक नाही. हजारो हत्यारबंद तरुण परक्या शहरात सोडणारा माणूस एक कागद काढून मोकळा होऊ शकत नाही. सहा आठवड्यांत आदेश मोडला जातोय हे कळलं, आणि कळलंच होतं, तर पुढे काय केलं? या प्रश्नाला उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८ च्या रोम करारातलं कलम २८ हाच प्रश्न विचारतं. सेनापतीला माहीत होतं किंवा असायला हवं होतं का, आणि त्याने आपल्या हातात होतं तेवढं केलं का?

पालांच्या बाजूने कुणी म्हणेल, हीच वाट सैल सोडली की तिचं टोक कोकी हिरोतांपर्यंत जातं. त्यात तथ्य आहे. हिरोता तेव्हा परराष्ट्रमंत्री, मुलकी माणूस, सैन्यावर कवडीचा अधिकार नाही. नानकिंगच्या बातम्या आल्यावर त्यांनी लष्करी खात्याकडे तक्रार केली, तिथून आश्वासन आलं, ते त्यांनी मानलं. मंत्रिमंडळात जोर लावला नाही म्हणून त्यांना फासावर चढवलं. फाशी झालेल्या सातांतले ते एकटेच मुलकी. मात्सुईंना जबाबदार धरणारा नियम हिरोतांना लावणं हा अन्याय होता. पण उपाय नियम फेकण्यात नव्हता, अधिकार कुणाच्या हातात होता हे माणूस-माणूस करून तपासण्यात होता.

ते काम नेदरलँड्सच्या न्या. रोलिंग यांनी केलं. वय अवघं चाळिशीच्या आसपासचं, तेही बहुमताशी असहमत. पण त्यांनी सरसकट सोडलं नाही की सरसकट टांगलं नाही. हिरोतांसह पाच जणांना सोडावं म्हणाले, आणि बहुमताने जन्मठेपेवर ठेवलेल्या काहींना कैद्यांवरच्या अत्याचारांबद्दल फाशी हवी होती म्हणाले. कुणालाच सोयीचा न्यायाधीश नव्हता तो. म्हणूनच असेल, त्याच्या नावाचे दगड कुणी उभारले नाहीत.

बाँबची गोष्ट

१४ मे १९४६ रोजी बचाव पक्षाचे अमेरिकी वकील बेन ब्रूस ब्लेकनी यांनी अमेरिकी न्यायाधीशासमोरच विचारलं, पर्ल हार्बरमधला मृत्यू खून असेल, तर हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्याचं, तो बेत आखणाऱ्याचं नाव आम्हाला माहीत आहे, त्याचं काय?

पालांनी हा धागा धरला. नागरिकांचा सरसकट संहार अजून अवैध असेल, तर पॅसिफिक युद्धात नाझी नेत्यांच्या हुकमांच्या जवळ जाणारी एकच गोष्ट दिसते, अणुबाँब टाकण्याचा निर्णय, असं त्यांनी लिहिलं. १९४८ मध्ये, अमेरिकी ताब्यातल्या टोकिओत बसून. याला छाती लागते.

'तूही केलंस' हा खुन्याचा बचाव होऊ शकत नाही. शेजाऱ्यानेही चोरी केली म्हणून माझी चोरी माफ होत नाही. पण पालांचा रोख आरोपीपेक्षा न्यायालयावर आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या तत्त्वावर चालणाऱ्या निवाड्याला कायदा म्हणायचं का, हा त्यांचा प्रश्न. तो आजही जिवंत आहे.

फक्त एक खटकतं. बाँबबद्दल लिहिताना पाल इतिहासकार होतात. तो विषय आरोपपत्रात नव्हता, त्यावर साक्षी-उलटतपासणी झाली नव्हती, तरी त्यांचं मत ठाम आहे. नानकिंगच्या सेनापतीकडे वळले की तेच पाल दंडाधिकारी होतात आणि प्रत्येक दुव्याचा पुरावा मागतात. त्यांचं समर्थन असं करता येईल की एका ठिकाणी वरून ठरवून दिलेला हुकूम आहे, दुसरीकडे हुकूम दिसत नाही, फक्त ढिलाई दिसते. फरक खरा आहे. नानकिंगमधल्या बाईला तो काय उपयोगाचा, हे निकालपत्र विचारत नाही.

निकालानंतर

बहुमताचं निकालपत्र ४ नोव्हेंबरपासून १२ नोव्हेंबर १९४८ पर्यंत वाचलं गेलं. सात फाशी, सोळा जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. असहमतीची मतं न्यायालयात वाचू दिली नाहीत. फ्रान्सच्या न्या. बर्नार्ड यांनी आपल्या मतात लिहून ठेवलं की या निकालावर तोंडी चर्चा करायला अकरा न्यायाधीश एकत्र कधी बोलावलेच गेले नाहीत. सात माणसांचे जीव असलेल्या खटल्यात! २० डिसेंबरला आरोपींच्या अर्जावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकार नसल्याचं सांगून हात वर केले, आणि २३ डिसेंबरला सुगामो तुरुंगात फाशी झाली. दुसऱ्याच दिवशी त्याच तुरुंगातून नोबुसुके किशी हे 'अ वर्गाचे' संशयित खटल्याशिवाय सुटले. १९५७ मध्ये ते पंतप्रधान झाले. शिक्षा भोगताना वारले ते सोडले, तर उरलेले आरोपीही दहा वर्षांच्या आत मोकळे झाले.

नेहरूंनी पालांच्या मतापासून सरकारला दूर ठेवलं. पालांची विधानं त्यांना बेफाम वाटली, आणि नव्या देशाला दोस्तराष्ट्रांशी वैर परवडणारं नव्हतं. गंमत म्हणजे जपानशी शांततेचा तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही. जून १९५२ मध्ये त्याने जपानशी वेगळा तह केला.

जपानवरचा ताबा संपल्यावर, १९५२ पासून, पालांचं मत तिथे उघडपणे फिरू लागलं, आणि लगेच त्याचं 'जपान निर्दोष' असं दोन शब्दी रूप झालं. खटला जपानवर नव्हताच, पंचवीस माणसांवर होता, आणि त्यांच्याबद्दलही पालांनी म्हटलं होतं ते 'या आरोपांवर दोषी नाही' एवढंच. पण मथळा लिहिणारे सगळीकडे सारखेच. पाल स्वतः पुढे जपानला गेले, तिथे सत्कार घेतले, १९६६ मध्ये सम्राटाकडून सन्मानही. आपल्या मताचा हा वापर त्यांनी कधी ठणकावून थांबवला नाही. जानेवारी १९६७ मध्ये ते वारले. २००७ मध्ये जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे भारतात आले, त्यांनी संसदेत पालांचा उल्लेख केला आणि कोलकात्याला जाऊन पालांच्या मुलाची भेट घेतली. आबे हे किशींचे नातू.

टोकिओतल्या, युद्धात मेलेल्यांना पूजणाऱ्या यासुकुनी मंदिरात १९७८ मध्ये 'अ वर्गाच्या' चौदा जणांची नावं पूज्य मृतांत घातली गेली, त्यात मात्सुई आहेत, हिरोताही आहेत. त्याच आवारात २००५ मध्ये पालांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर त्यांच्या निकालपत्राचे शेवटचे शब्द आहेत, काळाने राग आणि पूर्वग्रह मवाळ केले की न्यायाच्या तराजूत निंदा आणि स्तुती यांच्या जागा बदलतील, अशा अर्थाचे. ही शब्दरचना मूळची अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, फुटून निघालेल्या दक्षिणी संघराज्याच्या अध्यक्षाची, जेफरसन डेव्हिस यांची. ते गुलामगिरीसाठी लढून हरले होते.

नानकिंगमधलं वागणं अमानुष होतं आणि त्यात शंका नाही, हे वाक्यही त्याच निकालपत्रात आहे. ते दगडावर नाही.